अवघड प्रश्न आणि हजर उत्तर : परदेशी जाणाऱ्या उरणकरांसाठी

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचा परदेशाशी असलेला संबंध जुना आणि रोजचा आहे. करंजा आणि मोरा ही मच्छीमारांची व लाँचची बंदरे, न्हाव्याची 'टी. एस. रहमान' ही विसाव्या शतकाच्या आरंभी सर महंमद युसूफ यांनी सुरू केलेली नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था, आणि २६ मे १९८९ रोजी कामकाज सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर यांमुळे बोटीवर चढणे ही येथील अनेक घरांत परिचयाची गोष्ट झाली आहे. अलीकडे त्यात परिचारिका, संगणक अभियंते, पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे आईवडील यांची भर पडली आहे. या सर्वांची पासपोर्ट, व्हिसा आणि बॅगेचे वजन यांबाबतची तयारी चांगली असते, पण तेथे पोहोचल्यावर शेजारी, सहकारी किंवा दुकानदार जे लहानसहान प्रश्न इंग्रजीतून विचारतात त्यांची तयारी सहसा कोणी करत नाही. हे प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने सोपे असतात, म्हणजे प्रत्येक शब्द समजलेला असतो, आणि तरीही उत्तर देताना जीभ जड होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर नेमके उत्तर सुचते आणि मग ते न दिल्याची चुटपुट कित्येक दिवस राहते. प्रस्तुत लेखात अशा प्रश्नांचे स्वरूप, त्यांना द्यावयाच्या मार्मिक उत्तरांची घडण आणि असे उत्तर मुळीच देऊ नये असे प्रसंग यांचा विचार केला आहे.

मराठी कानाला इंग्रजी प्रश्न अवघड का वाटतो, याचे एक कारण भाषेच्या रचनेतच आहे. मराठीत समोरच्याने 'तू' म्हटले, 'तुम्ही' म्हटले की 'आपण' म्हटले यावरून प्रश्नामागचा भाव चटकन ओळखता येतो, आणि 'रे', 'गं', 'हो', 'बरं का' यांसारखे छोटे शब्द तो भाव आणखी स्पष्ट करतात. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू' असल्यामुळे मराठी माणूस आदराची खूण शोधत राहतो आणि ती सापडत नाही. परिणामी कधी साधा प्रश्नही त्याला उद्धट वाटतो, तर कधी खरोखर बोचरा प्रश्न त्याच्या लक्षातच येत नाही. इंग्रजीत ही खूण सर्वनामात नसून क्रियाविशेषणांत आणि स्वरात असते. 'व्हेअर आर यू फ्रॉम?' हा निव्वळ गावाचा प्रश्न होय. त्यातच 'रिअली' हा एक शब्द घातला, म्हणजे 'व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?' असे विचारले, की 'तुम्ही आधी दिलेले उत्तर मला पुरेसे वाटत नाही' असा अर्थ त्यात येतो. 'ओरिजिनली' आणि 'अ‍ॅक्च्युअली' हे शब्दही याच जातीचे आहेत. ज्याला परदेशात मार्मिक उत्तरे द्यायची आहेत त्याने प्रथम हे तीन शब्द ऐकण्याची सवय लावली पाहिजे, कारण टोला कोठे आहे हे कळल्याशिवाय तो परतवता येत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. गावाकडे 'पगार किती?', 'लग्नाला किती वर्षे झाली, आणि मूलबाळ?', 'आडनाव काय?' हे प्रश्न आपुलकीने विचारले जातात, आणि ते न विचारणारा माणूस तुसडा समजला जातो. हेच प्रश्न लंडन किंवा टोरंटोच्या कार्यालयात विचारले तर समोरची व्यक्ती संकोचाने गप्प होते. म्हणजे अवघडपणा हा प्रश्नाचा स्वतःचा गुण नसून तो कोठे, कोणी आणि कोणाला विचारला यावर ठरतो. हे ज्याच्या मनात पक्के असते त्याला परदेशी माणसाच्या प्रश्नातही प्रत्येक वेळी अपमान दिसत नाही, आणि त्यामुळे त्याचे उत्तरही कडवट होत नाही.

काही प्रश्न तर प्रश्नच नसतात. 'हाऊ आर यू?', 'यू ऑलराइट?' किंवा हवामानाविषयीचे वाक्य यांतून माहिती मागितलेली नसते, तर केवळ ओळख राखलेली असते. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला एक स्वतंत्र संज्ञा दिली. तिचा आशय मराठीत 'संपर्कभाषण' असा सांगता येईल, म्हणजे ज्यात शब्दांच्या अर्थापेक्षा दोन माणसे एकमेकांशी बोलली हेच महत्त्वाचे असते असे भाषण. आपल्याकडे दारावरून जाणाऱ्याला 'काय, बाजारात का?' असे विचारतात तेव्हा पिशवीत काय आहे हे कोणालाही जाणून घ्यायचे नसते, तसेच हे आहे. 'हाऊ आर यू?' या प्रश्नावर गुडघेदुखीची हकीकत सांगणे जसे गैर, तसेच त्यावर शाब्दिक चमत्कृती करणेही गैर. 'फाइन, थँक्स, अँड यू?' इतके पुरते.

यापुढील पायरी म्हणजे अर्थाचा घोटाळा टाळणे, कारण चुकीचे समजलेल्या प्रश्नाला दिलेले हजरजबाबी उत्तर नुसते हास्यास्पद ठरते. या बाबतीत बोटीवर काम करणाऱ्यांचा अनुभव सर्वांना उपयोगी पडण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली 'स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस' या नावाने प्रमाणित वाक्यांचा एक संच स्वीकारला, ज्यात निरनिराळ्या देशांच्या खलाशांनी एकमेकांशी कोणत्या ठरावीक शब्दांत बोलावे हे सांगितले आहे. त्यात प्रश्न विचारण्याआधी 'क्वेश्चन' आणि उत्तर देण्याआधी 'आन्सर' असे स्पष्ट म्हणण्याची सोय आहे. ऐकू न आल्यास 'से अगेन' म्हणायचे असते. आणि उत्तर होकारार्थी असेल तर नुसते 'येस' म्हणून न थांबता त्यापुढे संपूर्ण वाक्य उच्चारायचे असते. हा शेवटचा नियम जमिनीवरही पाळावा असा आहे. 'डोन्ट यू ईट बीफ?' या नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस 'हो, नाही खात' या सवयीने 'येस' म्हणून मोकळा होतो, आणि यजमान त्याचा अर्थ 'खातो' असा घेऊन ताट पुढे करतो. तसेच 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' याला आनंदाने 'येस, येस' म्हटले तर त्याचा अर्थ 'हो, माझी हरकत आहे' असा होतो आणि विचारणारा ओशाळून दुसरीकडे जातो. 'नो, आय डोन्ट ईट बीफ' आणि 'नॉट अ‍ॅट ऑल, प्लीज सिट' अशी पूर्ण वाक्ये तोंडात बसवली तर निम्मे अवघड प्रसंग उद्भवतच नाहीत.

आता प्रत्यक्ष मार्मिक उत्तराकडे वळता येईल. या कलेसाठी मराठी वाचकाला परक्या शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'वक्रोक्ती' नावाचा अलंकार सांगितला आहे. बोलणाऱ्याने एका अर्थाने उच्चारलेले वाक्य ऐकणाऱ्याने मुद्दाम वेगळ्या अर्थाने घेऊन उत्तर देणे असे त्याचे स्वरूप असून रुद्रटाने आणि पुढे मम्मटाने त्याचे दोन प्रकार मानले आहेत. शब्दाच्या दुहेरी अर्थाचा आधार घेतला तर ती श्लेषवक्रोक्ती, आणि शब्द तोच ठेवून केवळ स्वराच्या हेलकाव्याने, ज्याला 'काकू' म्हणतात, अर्थ बदलला तर ती काकुवक्रोक्ती. 'व्हेन आर यू गोइंग बॅक?' म्हणजे 'मायदेशी परत कधी जाणार?' असे कोणी खोचकपणे विचारले असता 'ऑन द सिक्स-फिफ्टीन बस' असे शांतपणे सांगणे ही श्लेषवक्रोक्ती होय, कारण 'बॅक' या शब्दाचा अर्थ 'देशी' ऐवजी 'घरी' असा घेतला आहे. 'यू आर सो लकी टू बी हिअर' या वाक्यावर भुवई किंचित उंचावून, आवाज खाली आणून केवळ 'लकी?' असे म्हणणे आणि थांबणे ही काकुवक्रोक्ती. दुसऱ्या प्रकारात इंग्रजीचे फारसे ज्ञान लागत नाही, म्हणून ज्यांचे इंग्रजी बेताचे आहे अशांनी त्याच्यापासून सुरुवात करावी. समोरच्याचाच शब्द त्याला परत दिल्यामुळे चूक होण्याची भीती राहत नाही.

उत्तराच्या धारेचेही मराठीत मोजमाप आहे, आणि ते अत्यंत उपयुक्त आहे. कोपरखळी ही बरोबरीच्या माणसाला, हसत आणि बहुधा इतरांच्या देखत मारायची असते. चिमटा त्याहून थोडा लागतो. शालजोडीतला तो, जो वरून आदराने गुंडाळलेला असतो आणि घरी गेल्यावर ज्याचा मार जाणवतो. टोमण्यात मात्र गुंडाळणीच नसते. परदेशात नव्याने गेलेल्या माणसाने पहिले वर्षभर कोपरखळीपलीकडे जाऊ नये, असे ठामपणे म्हणता येते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली मांडले की प्रत्येक संभाषणात माणसे स्वतःचे आणि एकमेकांचे 'तोंड' सांभाळत असतात, म्हणजे चारचौघांत असलेली आपली प्रतिमा जपत असतात. मराठीतील 'तोंडघशी पडणे' आणि 'तोंड दाखवायला जागा न उरणे' या वाक्प्रचारांत हीच कल्पना आहे. चांगल्या उत्तरामुळे देणाऱ्याचे तोंड राहते आणि विचारणाऱ्यालाही हसून बाहेर पडण्याची वाट मिळते. ती वाट ठेवली नाही तर उत्तर कितीही चतुर असले तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशेजारी बसून काम करायचे आहे, हे विसरता येत नाही.

तयार उत्तरे दुसऱ्यांकडून उसनी घेण्यापेक्षा ती स्वतःच्या गावातून, नावातून आणि डब्यातून काढावीत, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. उसन्या उत्तरावर पुढचा प्रश्न आला की माणूस अडखळतो. जे खरे आणि आपले असते त्यावर दहा प्रश्न आले तरी सांगायला काही ना काही असते. उरणच्या माणसाकडे तर अशी सामग्री मुबलक आहे.

गावाचाच प्रश्न घ्यावा. 'व्हेअर आर यू फ्रॉम?' याला 'इंडिया', मग 'मुंबई', मग 'निअर मुंबई' अशी उतरती उत्तरे देत गेले की 'रिअली' वाढत जाते. त्याऐवजी गावाचे नाव सरळ सांगून त्याला श्रोत्याच्या घरातील वस्तूची जोड द्यावी. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात शीतकंटेनरमधून युरोपात जातात, आणि ती मोठ्या प्रमाणावर न्हावा-शेवा येथून म्हणजे उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बोटीवर चढतात. नेदरलँड्स किंवा ब्रिटनमध्ये असलेल्या उरणकराने 'उरण. इफ यू एट इंडियन ग्रेप्स दिस स्प्रिंग, दे प्रॉबब्ली पास्ड माय हाऊस' असे म्हटले, म्हणजे 'यंदा भारतातली द्राक्षे खाल्ली असाल तर ती बहुधा माझ्या घरावरूनच गेली', तर विचारणाऱ्याला गाव समजते, हसू येते आणि 'रिअली' विचारण्याचे कारण उरत नाही. बोटीवर किंवा गोदामात काम करणाऱ्यांना तर याहून सोपे उत्तर आहे, कारण कागदपत्रांवर 'न्हावा शेवा' हे नाव त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेले असते. 'यू हॅव बीन टायपिंग माय अ‍ॅड्रेस फॉर इयर्स' एवढे पुरे. येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. ज्या शेवा गावाचे नाव जगभरच्या बोटींच्या कागदांवर आहे ते मूळ गाव बंदरासाठी उठवले गेले आणि तेथील कुटुंबे नवीन शेवा व हनुमान कोळीवाडा येथे विखुरली. त्या कुटुंबांतील तरुणाला 'रिअली फ्रॉम' हा प्रश्न परदेशात लागण्याआधी घरीच लागलेला असतो. अशा माणसाने या प्रश्नावर विनोद केलाच पाहिजे असे मुळीच नाही, आणि 'माय व्हिलेज इज अंडर द पोर्ट नाउ' हे सरळ वाक्य कोणत्याही चतुर वाक्याहून अधिक ताकदीचे आहे.

'डू यू हॅव एलिफंट्स देअर?' हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि उरण तालुक्यातील माणसाला त्याचे उत्तर इतिहासानेच तयार करून दिले आहे. घारापुरी बेट याच तालुक्यात असून तेथील लेणी १९८७ साली जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाली. बेटावर काळ्या दगडातील एक प्रचंड हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो पडून त्याचे तुकडे झाले, आणि पुढे ते जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहायला मिळतो. यावरून उत्तर असे घडते : 'वी हॅड वन. समबडी ट्राइड टू शिप इट टू इंग्लंड अँड ड्रॉप्ड इट.' म्हणजे, 'होता एक. कोणीतरी इंग्लंडला न्यायला निघाले आणि पाडला.' यातील 'समबडी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तेथे 'यू पीपल' म्हटले की शालजोडीतल्याचा टोमणा होतो आणि ज्या बिचाऱ्या शेजाऱ्याने तो हत्ती कधी पाहिलेलाही नाही त्याच्यावर दीडशे वर्षांपूर्वीचा आरोप येतो. 'समबडी' म्हटले की तो स्वतःच विचारतो, 'हू?', आणि गोष्ट सांगण्याची संधी मिळते. याच घारापुरीच्या माणसाला 'डू यू हॅव इलेक्ट्रिसिटी?' असे विचारले गेले तर मात्र उत्तर साधेच असावे, कारण समुद्रतळातून टाकलेल्या केबलने त्या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली. खऱ्या उणिवेवर चतुराईचे पांघरूण घातले की ते लगेच ओळखू येते.

नावाचा प्रश्न गावापेक्षाही अधिक वेळा येतो. 'ज्ञ' आणि 'ळ' या अक्षरांपुढे इंग्रजी बोलणारे हात टेकतात, आणि मग 'कॅन आय कॉल यू समथिंग शॉर्टर?' असे विचारून एखादे दोन अक्षरी नाव परस्पर बहाल करतात. अनेक मराठी माणसे संकोचापोटी ते स्वीकारतात आणि मग दहा वर्षे 'डॅन' किंवा 'सॅम' म्हणून वावरतात. ज्यांना ते मनापासून आवडते त्यांनी अवश्य वावरावे. पण ज्यांना आपले नाव टिकवायचे आहे त्यांच्यासाठी बारशाची रीत उपयोगी पडते. मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी नाव ठेवण्याची आपली प्रथा आहे, तेव्हा 'माय फॅमिली टुक ट्वेल्व्ह डेज टू गिव्ह मी धिस नेम. प्लीज टेक ट्वेल्व्ह सेकंड्स' असे हसून म्हणावे, आणि लगेच नावाचे अक्षरशः तुकडे करून, सावकाश, दोनदा उच्चारून दाखवावे. उत्तराचा दुसरा भाग, म्हणजे उच्चार शिकवण्याचा, वगळता कामा नये. तो वगळला तर विनोद उरतो पण नाव जाते. ज्यांचे आडनाव 'कर' प्रत्ययाने संपते त्यांच्याकडे आणखी एक सोय आहे. 'इट मीन्स आय कम फ्रॉम देअर' असे सांगून आडनावातूनच गावाचा प्रश्न सोडवता येतो.

भाषेविषयीचे दोन प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला येतात. 'डू यू स्पीक इंडियन?' याला 'येस, द वे यू स्पीक युरोपियन' हे उत्तर पुरेसे बोलके आहे, आणि त्याला जोड म्हणून मराठी बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर होती, म्हणजे साधारण जर्मनीच्या लोकसंख्येइतकी, हे सांगता येते. 'युअर इंग्लिश इज सो गुड!' या शाबासकीबाबत मात्र घाई करू नये. पुष्कळदा ती मनापासून दिलेली असते, विशेषतः वयस्कर माणसांकडून, आणि तेथे 'थँक यू' हेच उत्तर योग्य होय. ज्या सहकाऱ्याने पाच वर्षे एकत्र काम केल्यावर, बैठकीत, सर्वांसमोर ही शाबासकी दिली त्याला 'थँक यू. आय स्टार्टेड इन द फिफ्थ स्टँडर्ड. व्हेन डिड यू स्टार्ट मराठी?' असे विचारायला हरकत नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली, त्यामुळे त्याआधी शाळेत गेलेल्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य खरेही आहे.

डब्याचा प्रसंग उरणकराच्या बाबतीत टळत नाही. सुके बोंबील किंवा जवळा भाजला की सामायिक स्वयंपाकघरातच काय, जिन्यापर्यंत वास जातो, आणि 'व्हॉट इज दॅट स्मेल?' हा प्रश्न येतोच. येथे क्रम पाळावा : आधी खिडकी उघडावी, मग उत्तर द्यावे. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात, त्यामुळे 'इट्स बॉम्बे डक. नो डक्स वेअर हार्म्ड' हे उत्तर आपोआप तयार होते. आणि विचारणारा ब्रिटिश असेल तर १९९७ साली युरोपीय नियमांमुळे तेथे बोंबील मिळेनासा झाला तेव्हा तो परत यावा म्हणून ब्रिटनमध्येच मोहीम चालली होती, हेही त्याला सांगावे. शेजाऱ्याला खरोखर त्रास होत असेल तर मात्र कोणतेही उत्तर खिडकीची जागा घेऊ शकत नाही.

लग्नाविषयी 'वॉज युअर मॅरेज अरेंज्ड?' असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सक्तीचे चित्र असते. कांदेपोह्याचा कार्यक्रम ही ओळख करून देण्याची रीत आहे, हे समजावण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा 'येस. माय आंट वॉज द अ‍ॅप' एवढे म्हणणे चांगले, कारण लग्नासाठी मोबाइलवर जोडीदार शोधणाऱ्या पिढीला त्यातून सारे कळते.

अशी उत्तरे आयत्या वेळी सुचतात हा समज चुकीचा आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेला का जातो यावर इंग्रजीतून भाषण केले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. लोक जे प्रश्न सतत विचारत होते, म्हणजे भारतात शिकण्याची सोय नाही का, एकटीच का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, वगैरे, ते त्यांनी आधीच वेगवेगळे मांडून घेतले होते आणि एकेकाला उत्तर दिले. पुढे ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांची पद्धत आजही तशीच अवलंबण्याजोगी आहे : निघण्यापूर्वी वहीत पाच-सहा संभाव्य प्रश्न लिहावेत, प्रत्येकाखाली एक सरळ आणि एक खेळकर उत्तर लिहावे, घरातल्या कोणाला तरी विचारणारा व्हायला सांगून ती मोठ्याने म्हणावीत. इंग्रजी वाक्य दहा-बारा शब्दांहून लांब झाले तर ते कापावे. उत्तर संपल्यावर गप्प बसण्याचाही सराव करावा, कारण आपल्याच विनोदाचे स्पष्टीकरण देऊ लागले की तो गेला. आणि समोरचा हसला नाही तर 'नेव्हर माइंड, हाऊ वॉज युअर वीकएंड?' असे म्हणून विषय बदलावा. त्यात काही कमीपणा नाही.

काही ठिकाणी मात्र विनोद पूर्णपणे वर्ज्य समजावा. इमिग्रेशन अधिकारी, विमानतळावरील सुरक्षा कर्मचारी, पोलीस, व्हिसाची मुलाखत घेणारे आणि डॉक्टर यांच्या प्रश्नांना फक्त खरे, थोडक्यात आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे. 'डिड यू पॅक धिस बॅग युअरसेल्फ?' यावर केलेल्या थट्टेने विमान चुकू शकते आणि अटकही होऊ शकते. 'इज धिस युअर हजबंड्स नेम?' असे अधिकाऱ्याने विचारले, जे आपल्याकडील मधल्या नावामुळे अनेकदा घडते, तर आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची पद्धत आहे असे शांतपणे सांगावे. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' असे विचारण्यात लाज बाळगू नये. अंदाजाने दिलेले 'येस' येथे महाग पडते.

त्याचप्रमाणे जो प्रश्न प्रश्न राहिलेला नसून रोजचा जाच झाला आहे, त्यावर हजरजबाबीपणा हा उपाय नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने आणि अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश व राष्ट्रीय मूळ यांवरून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्ध संरक्षण दिलेले आहे. अशा वेळी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद ठेवून लेखी तक्रार करावी. रायगडच्याच बेने इस्रायल समाजाचे उदाहरण येथे मोलाचे आहे. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी याच किनाऱ्याच्या गावांची आडनावे घेऊन हे मराठी भाषक ज्यू १९४८ नंतर इस्रायलमध्ये गेले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली; म्हणजे 'तुम्ही खरोखर ज्यू आहात का?' हाच 'रिअली' त्यांच्यापुढे अधिकृतपणे उभा राहिला. त्यांनी त्यावर कोपरखळी मारली नाही. त्यांनी संघटित होऊन आंदोलन केले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. जेथे प्रश्न हक्काला हात घालतो तेथे हाच मार्ग योग्य होय.

उरणच्या वाचकाला आणखी एक विनंती करावीशी वाटते. बंदराच्या रस्त्यावर उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, राजस्थान अशा दूरच्या राज्यांतून आलेले ट्रेलरचालक चहाच्या टपऱ्यांपाशी थांबलेले असतात, आणि त्यांना येथे 'कुठला रे तू?' असे सर्रास विचारले जाते. 'तुमचं गाव कोणतं?' या वाक्याने तेवढीच माहिती मिळते. आपल्याजवळ 'तुम्ही' आहे, तो इंग्रजीजवळ नाही. चहा सांगताना तो वापरावा.